खंडेनवमीचा फोटो

परदेशात, हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक पितळी डबा असायचा. कुकरएवढा, जड, वर बोल्टांनी आवळलेलं झाकण. ते झाकण उघडायचं नाही, हा त्या घरातला एकुलता एक कडक नियम. चार वर्षांच्या वल्लरीला भिंतीवर रेघोट्या ओढायला मुभा होती, सोफ्यावर उड्या मारायला होती, डब्याला हात लावायला नव्हती. पाहुणे आले की अश्लेषा डब्यावर टीपॉयवरचं विणलेलं कापड टाकायची. "नवरीलासुद्धा एवढं झाकत नाहीत," मंदार चिडवायचा.

डबा मंदारचाच होता. लग्नाआधीपासून तो बोटीवर इंजिनीअर. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात, आणि त्या पाण्याबरोबर जेलीफिश, प्लास्टिकच्या पिशव्या, शिंपल्यांचा चुरा, असा सगळा बाजार आत येतो. गाळणी तुंबते. तुंबली की इंजिन तापतं, आणि मग त्या उकाड्यात, त्या वासात, कुणीतरी बसून ती उपसायची. बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे मंदार. वल्लरी झाली तेव्हा तो असाच कुठल्या तरी समुद्रात गाळणी उपसत बसला होता. मुलीचं तोंड पाहिलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. त्यानंतर त्यानं बोट सोडली आणि पाण्याच्याच जोरावर स्वतःला साफ करणारी गाळणी घडवायला घेतली. डबा म्हणजे तीच. मोटर नाही, वीज नाही. आत फक्त एक पातं, विळीसारखं वळलेलं आणि टोकाशी उलट मुरडलेलं. सारी करामत त्या मुरडीत होती. बाहेरून बघणाऱ्याला डब्याचा काही थांग लागला नसता. झाकण उघडलं असतं तर जाणत्या माणसाला एका नजरेत सगळं कळलं असतं.

क्लेमेंटीला विद्यापीठाच्या जवळ त्यांनी एका मोठ्या वर्कशॉपमधला कोपरा भाड्यानं घेतला होता. तिथे चार कंपन्यांची माणसं सतत ये-जा करायची, म्हणून गाळणीचा एक नमुना घरी आणून ठेवला होता. घराइतकी सुरक्षित जागा कुठली?

आणि राखणदार अश्लेषा. पुण्यात ती पेटंटचे अर्ज लिहिणाऱ्या एका ऑफिसात होती. इथे नवऱ्याच्या चिमुकल्या कंपनीत हिशोबापासून चहापर्यंत सगळं बघायची, पण तिचं खरं काम एकच. मंदारच्या डोक्यातून निघालेलं कुणी उचलून नेऊ नये. तिनं ते नीट विचार करून मांडलं होतं. पात्याला लेप कसा द्यायचा ते कधीच कुठे छापायचं नाही, ते आपलं गुपित. गाळणीचं नाव लगेच नोंदवून टाकायचं. आणि मुरडीचं पेटंट घ्यायचं, पण आत्ता नाही.

यावर दोघांची पुष्कळ खडाजंगी झाली होती. मंदारचं म्हणणं, आजच अर्ज टाकू. अश्लेषा ऐकेना. मुरड दोन तऱ्हेची होती, एक आखूड, एक लांब. बंदरातल्या एका टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, दोन्ही लावून बघायच्या होत्या. एकदा अर्ज टाकला की वर्षाच्या आत देशोदेशी अर्ज करायचे, प्रत्येक देशाचा वकील वेगळा, फी वेगळी.

"हे लग्नाची तारीख काढण्यासारखं आहे," ती म्हणायची. "तारीख काढली की हॉलवाला आला, आचारी आला, बँडवाला आला. आपल्याकडे एकाच लग्नापुरते पैसे आहेत मंदार. आधी नवरी कोणती ते तरी ठरू दे."

"आणि तोवर नवरी कुणी पळवली तर?"

"म्हणून तर झाकण."

शेवटी मंदारनं हात जोडले. या बाबतीत तुझं ऐकायचं म्हणूनच तुला कंपनीत घेतलीय, म्हणाला. त्या दिवशी अश्लेषाला हे वाक्य फार गोड वाटलं होतं.

त्या वर्षी सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकलं आणि पद्माकर, म्हणजे मंदारचे बाबा, मिरजेहून थोडे महिने राहायला आले. ते तांत्रिक शाळेत वर्कशॉपचे सर होते. हातात पाना घेतल्याशिवाय चैन न पडणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातलं ठिबकणारा नळ ठीक केला, वल्लरीच्या सायकलचं चाक बसवलं, आणि मग करायला काही उरलं नाही. सकाळी ते इमारतीखाली बुद्धिबळ खेळणाऱ्या चिनी म्हाताऱ्यांशेजारी जाऊन बसत. खेळ त्यांना कळायचा नाही आणि म्हाताऱ्यांना ते कळायचे नाहीत, पण सगळे एकमेकांना मान हलवून दाखवत. दुपारी फोन काढून मराठी मंडळाचं फेसबुकचं पान वाचत. कोण कोणाकडे मोदक खाऊन आलं, कोणाचा मुलगा पोहण्यात पहिला आला, सगळं. तिथल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, पण जेवताना त्यांच्या गप्पा सांगत.

एका रविवारी मंदारनं स्वतःच झाकण उघडून वडिलांना पातं दाखवलं होतं. बाबांनी ते बराच वेळ हातात धरलं. मुरडीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"ही चुकून झाली की सुचली?"

"आधी चुकून झाली, मग सुचली," मंदार हसत म्हणाला.

बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला काढला. अश्लेषानं त्यांना सांगून ठेवलं, बाबा, हे बाहेर कुणाशी बोलू नका हं. ते म्हणाले, "मला इथं ओळखतंय कोण?"

नवरात्र आलं. मंडळाच्या उल्काताईंनी पानावर स्पर्धा जाहीर केली. खंडेनवमीला प्रत्येकानं आपापल्या शस्त्राची पूजा करून फोटो टाकायचा. डॉक्टरनं स्टेथोस्कोप, संगणकवाल्यानं संगणक, गृहिणीनं विळी. सगळ्यांना उत्साह आला. परदेशात सण हा असाच काहीतरी निमित्त काढून ओढत ओढत साजरा करावा लागतो.

खंडेनवमीच्या दिवशी मंदार आणि अश्लेषा क्लेमेंटीला होते. टगवर बसवायच्या गाळण्यांचं शेवटचं काम चालू होतं. वल्लरी तापातून उठली होती म्हणून शाळेत गेली नव्हती, आजोबांपाशी होती. बाबांनी सकाळीच लिटल इंडियातून झेंडू आणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशीच्या सोन्यासाठी इमारतीखालच्या कांचनाच्या झाडाची चार पानं तोडायला गेले, तर नातीनं हात धरला, इथे पान तोडलं तरी दंड होतो. "नो लाह, आजोबा. फाइन." मग त्यांनी खाली पडलेलीच वेचली.

घरी येऊन त्यांनी पाटाभोवती रांगोळी काढली. पाटावर विळी ठेवली, पाना ठेवला, वल्लरीची बोथट टोकांची कात्री ठेवली, अश्लेषाचा जुना लॅपटॉप ठेवला, आणि मध्यभागी डबा. डब्याच्या झाकणाला कुंकू लावायला बोट उचललं आणि ते तसेच थांबले.

सगळी नोकरी त्यांनी या दिवशी एकच गोष्ट केली होती. वर्कशॉपमधल्या लेथवरची झाकणं काढायला लावायची, पटाश्या पेटीतून बाहेर, करवती बाहेर, आणि मुलांना सांगायचं, बाळांनो, पूजा पात्याची करायची असते, म्यानाची नव्हे. झाकलेल्या शस्त्राला हळदकुंकू वाहिलं तर ते कुणाला पोचत नाही. आता स्वतःच्या मुलानं घडवलेलं पातं समोर, आणि आपण पितळेच्या टोपणाला कुंकू लावणार? नियम त्यांना ठाऊक होता. पण तो बाहेरच्यांसाठी. घरात ते आणि पोर, दोघंच तर होते.

त्यांनी बोल्ट काढले. पातं धुतलं, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसलं, मुरडीच्या टोकाला कुंकवाचं बोट लावलं, झेंडू वाहिला. वल्लरीला हिरवं परकर-पोलकं नेसवलं आणि झाकण तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, नैवेद्याच्या ताटासारखं. तो फोटो बाबांनी काढला. इतका सुरेख आला की त्यांना राहवेना. मंडळाचं पान म्हणजे त्यांच्या लेखी हळदीकुंकवाची बैठक. आपलीच माणसं, दार लोटलेलं. त्या दाराला भिंतच नाही, सगळ्या जगाला आत दिसतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. चुका तपासून, शुद्धलेखन बघून त्यांनी फोटो पानावर टाकला, खाली लिहिलं: 'माझा मुलगा मंदार याने घडविलेले शस्त्र. हे मारीत नाही, गाळते. पात्याच्या टोकास उलटी मुरड दिली असल्याने पाणी मागे वळते व अडकलेली घाण स्वतःच बाहेर लोटते. बापाला जन्मात न सुचलेली गोष्ट.'

अश्लेषानं तो फोटो बसमध्ये पाहिला. उभी होती, एका हातात कडी, खांद्याला पिशवी. पडद्यावर वल्लरी. तापानं गाल उतरलेले, पण परकर-पोलक्यात, केसांत झेंडू, आणि चेहऱ्यावर काहीतरी फार मोठं काम सोपवल्याची ऐट. दिवसभर घालमेल होत होती, पोरीला सोडून आलो म्हणून. आता जीव भांड्यात पडला. आई फोटोत आपलं मूलच बघते. बाकीचा फोटो तिला दिसतच नाही. अश्लेषानं फोटोखाली लाल बदाम उमटवला आणि फोन पिशवीत टाकला, कारण तिचा थांबा आला होता.

घरी आली तेव्हा डब्याचं झाकण जागच्या जागी होतं, घट्ट. वर कुंकू, झेंडूची एक पाकळी. तिनं नमस्कार केला.

पहिलं बक्षीस बाबांना मिळालं. एक थर्मास. उल्काताई स्वतः घरी द्यायला आल्या, म्हणाल्या, काका, तुमच्या नातीनं स्पर्धा जिंकली. मंदार ते पान कधी उघडायचाच नाही. बाबा रोज त्यात चहा भरून खाली बुद्धिबळाला न्यायला लागले. चिनी म्हाताऱ्यांनाही पाजायचे.

दिवाळी झाली. टगवर लांब मुरडीनं बाजी मारली, अशी की टगचा कॅप्टन गाळणी परत द्यायला तयार होईना. अश्लेषानं अर्ज लिहिला, पुन्हा लिहिला, आणि एका सकाळी मंदारचा हात माउसवर ठेवून, त्यावर आपला ठेवून, तो पाठवून दिला. मग जे व्हायला हवं होतं तेच होत गेलं. उत्तर युरोपातली जहाजांचं सामान बनवणारी एक मोठी कंपनी पुढे आली. गाळणी आम्ही बनवू, तुम्हाला प्रत्येक नगामागे वाटा देऊ, पुढच्या संशोधनालाही पैसे लावू. अट एकच, युरोपातलं पेटंट टिकलं पाहिजे. त्यांचे वकील तपासायला बसले. तोवर कंपनीची शिल्लक तळाला गेली होती. मंदारचा इथे राहायचा पास, म्हणजे परवाना, स्वतःच्या कंपनीवर, बायको-मुलीचं इथलं राहणं त्या पासवर. हा करार झाला तर सगळं होतं. नाही झाला तर काहीच नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते त्याबद्दल बोलत नसत. वल्लरीच्या पुढच्या शाळेबद्दल बोलत.

त्यांची इथली वकील ग्वेन को. पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. तिनं दोघांना ऑफिसात बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर वल्लरी होती, हातात झाकण घेऊन. शेजारी पातं, लख्ख, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मुरडीच्या टोकाला कुंकू लावलं होतं, म्हणजे नेमकं कुठे बघायचं तेही दाखवलं होतं.

हे युरोपच्या वकिलांना सापडलं, ग्वेन म्हणाली. तुमच्या अर्जाच्या आधीचं आहे. तिनं मजकुराचं यंत्रानं केलेलं इंग्रजी भाषांतर वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात, बातम्या वाचल्यासारखं. हे मारत नाही, गाळते. बापाला न सुचलेली गोष्ट. बाबांचे शब्द त्या थंड खोलीत परक्या आवाजात अश्लेषाला ऐकू येत होते. पुढचं तिला कुणी समजावायला नको होतं, तिनंच ते दुसऱ्यांना शंभरदा समजावलं होतं. अर्जाच्या आधी एकदा का गोष्ट चारचौघांत आली की ती नवी राहत नाही. अमेरिका एक वर्षाची माफी देते. युरोप देत नाही.

मंदार एकच वाक्य बोलला, तेही मराठीत. "मी म्हणत होतो आधी टाकू."

एक फट आहे, ग्वेन म्हणाली, पण फार अरुंद. कुणी घरभेदीपणानं, मालकाचं नुकसान करायच्या हेतूनं गोष्ट फोडली असेल, आणि आपण लगेच युरोपात अर्ज केला, तर ते फुटणं धरत नाहीत. तिनं मजकुराच्या शेवटच्या ओळीवर पेन ठेवलं. न सुचलेली गोष्ट. यात थोडी असूया आहे का? बापलेकांत कधी काही बिनसलं होतं? हे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही, तिनं स्पष्ट सांगितलं. ते स्वतः म्हणत असतील तरच.

मेट्रोच्या फलाटावर अश्लेषानं तो फोटो पुन्हा उघडला. सगळ्यांचे अंगठे, बदाम. नावांच्या यादीत तिचं नाव होतं. कंपनीची पेटंटं सांभाळणारी बाई, आणि तिनं उघड्या पात्याला सगळ्या जगासमोर लाल बदाम दिलेला. घरभेदी कोण म्हणायचं मग? तिनं फोन मंदारपुढे धरला. गाडी आली, दारं उघडली, मिटली. तो बघतच राहिला.

"काढून टाक," शेवटी तो म्हणाला.

तिनं बदाम काढला. बोट नुसतं टेकवावं लागलं. आपल्याच पोरीच्या फोटोवरून दिलेलं प्रेम परत घेतलं, आणि ती फलाटावरच्या बाकावर बसली. मंदार शेजारी उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि तिला तो हवाही नव्हता.

बाबांना सांगायचं काम अश्लेषावर आलं. मंदारनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी धुवायला घेतली. तिनं बाबांपुढे बसून सगळं सांगितलं. फोटोचं, युरोपचं, फटीचं.  मग तिनं टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसा ओळीओळीखाली बोट धरून वाचला. शास्त्रापुरतं इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. एका शब्दापाशी बोट थांबलं. हा काय, त्यांनी विचारलं. अश्लेषा म्हणाली, वाईट हेतू.

"हे घातल्याशिवाय चालणार नाही का?"

"नाही, बाबा."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, नळ चालूच होता.

"मग राहू दे," ते म्हणाले. "हेतू काय, कुणाला दिसतोय."

अश्लेषा म्हणू शकली असती, दिसतो बाबा, मला दिसतो. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण आतल्या खोलीत वल्लरी आपल्या बाहुल्यांची शाळा भरवत होती, त्यांना इंग्रजीत रागावत होती, इथल्या शाळेतल्या बाई रागावतात तशी. अश्लेषानं कागद उचलून फाइलमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्वेनच्या ऑफिसात ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. ग्वेननं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी मागवलं. मग मंदारला म्हणाली, त्यांना त्यांच्या भाषेत विचार, हे सगळं खरं आहे का. मंदारनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. वडिलांनी मुलाकडे पाहिलं, आणि त्याला त्या अडचणीतून सोडवावं म्हणून, आयुष्यभर सोडवत आले तसंच, स्वतःच बोलले. ग्वेनकडे बघून, वर्गात उभं राहिल्यासारखं.

"येस मॅडम. आय वॉज जेलस ऑफ माय सन."

ग्वेननं पेन पुढे केलं. त्यांची सही सुंदर होती, वळणदार, खाली रेघ.

लिफ्टमध्ये तळमजला यायच्या आधी बाबांनी अश्लेषाला हळूच विचारलं, तो थर्मास मंडळाला परत करावा लागेल का. ती म्हणाली, नाही बाबा, तो तुमचाच. बरं, म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी तो वापरला नाही. बुद्धिबळालाही ते जाईनासे झाले. त्या चिनी म्हाताऱ्यांतला एक एकदा दाराशी येऊन उभा राहिला, बोलता येईना म्हणून हातानं पेल्याची खूण करून, बाबा कुठे आहेत असं विचारत होता. बाबा झोपलेत, असं अश्लेषानं खुणेनंच सांगितलं. बाबा आत जागे होते.

युरोपचं उत्तर आलं तेव्हा पावसाळी दुपार होती आणि वल्लरीला शाळेतून आणायची वेळ झाली होती. अश्लेषानं ते फोनवरच वाचलं, चपला घालता घालता. भाषा सभ्य होती. पद्माकर यांचं निवेदन आम्ही पाहिलं. मात्र आमच्या वकिलांनी ते पान सापडलं त्या दिवशीच जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, त्यात कंपनीचं बौद्धिक संपदेचं काम पाहणाऱ्या व्यक्तीची पसंती नोंदलेली दिसते, ती नंतर काढलेली दिसते. अशा परिस्थितीत हे मालकाच्या नकळत फुटलं असं म्हणता येणार नाही, आणि आम्ही पुढे जाऊ इच्छित नाही. शुभेच्छा.

ती तशीच खाली गेली, शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. वल्लरी पळत आली, तिच्या हातात मातीचं काहीतरी होतं, आणि ते काय आहे ते घरापर्यंत सांगत राहिली. अश्लेषा हो हो म्हणत होती.

आता ती गाळणी कुणीही बनवू शकत होतं. युरोपात, चीनमध्ये. अमेरिकेतला अर्ज एकट्यानं पुढे न्यायला पैसे उरले नव्हते. पातं बघायला कुठे जायचं तेही सगळ्यांना माहीत होतं, कुंकवाच्या खुणेसह. मंदारनं वर्कशॉपचा कोपरा सोडला. टगच्या कॅप्टननं फोन केला, गाळणी छान चालतेय, म्हणाला. मंदारनं त्याला ती ठेवून घे म्हणून सांगितलं.

वडिलांना त्यानं कधी बोल लावला नाही, बायकोलाही नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं अश्लेषाला वाटायचं. तो फक्त सभ्य झाला. तिला पाणी हवंय का विचारायचा, तिच्यासाठी दार धरायचा. पास संपायच्या आत त्यानं एका बोटीवर नोकरी धरली आणि अश्लेषा पोरीला घेऊन बाबांबरोबर मिरजेला आली. विमानतळावर वल्लरी विचारत होती, आपण परत कधी यायचं, आणि पोचवायला आलेला मंदार धरून तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणीतरी सांगेल.

मिरजेत पोरीला मराठी शाळा अवघड गेली. बोलताना शेवटी 'लाह' लावायची म्हणून मुलं तिला 'लाह' म्हणूनच हाक मारत. हळूहळू ती तो शब्द विसरली. मंदारचा फोन बंदर आलं की यायचा. एकदा त्यानं सांगितलं, आज परत गाळणी तुंबली, चार तास उपसत होतो. तो ते हसून सांगत होता. अश्लेषाही हसली, आणि फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन पाणी सोडून उभी राहिली.

पुढची खंडेनवमी आली. पहाटे उठून बाबांनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. विळी होती, पाना होता, आणि मध्यभागी डबा. त्यांनी तो ओल्या फडक्यानं पुसला, आणि झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं. झाकणावर झेंडू वाहिला.

"आजोबा, उघडा ना," वल्लरी म्हणाली. "मी धरते. मला येतं धरायला." तिनं दोन्ही हात पुढे केले होते, पोटाशी, तसेच.

बाबा उदबत्ती ओवाळत राहिले. अश्लेषा दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता तरी सांगावं.

"बाबा, उघडा," ती म्हणाली. "आता काही हरकत नाही. आता ते सगळ्यांचंच आहे."

त्यांनी मान वळवली नाही. झाकणाच्या बोल्टावरून अंगठा फिरवला, तो घट्ट आहे ना ते बघितलं, शेजारचा बघितला, मग पुढचा. पाना उचलून एक जरासा सैल होता तो आवळला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे झाकलेलंच."

वल्लरीचे हात अजून पुढे होते. अश्लेषानं पुढे होऊन त्यात एक झेंडू ठेवला, आणि पोरीला तिथून उचलून आत नेलं.